ढेकणाचं कार्ड

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ मार्च २०२५

चि. सौ. क्रांतीस,

अनेक आशीर्वाद. फोन करायचा सोडून तुझे सर पत्रं काय पाठवतात, असं तुझ्या सासरी हुपरीत म्हणत असतील. त्यांना सांग, सरांचे दोन्ही कान गेले. यंत्र घातलं की माणसं कमी आणि रिक्षाच जास्त ऐकू येतात. शेजारची मीनाक्षी तिच्या मोबाईलवरून कुणाला काही कळवायचं असेल तर कळवते, पण तिला तरी किती त्रास द्यायचा? टपाल बरं.

शब्दवहीचं काम रेटतोय. तू दहावीत असताना रविवारी येऊन माझी कार्डं लावून द्यायचीस, तेव्हा आपण 'क'वर होतो. आता 'ढ'वर आलोय. चाळीस वर्षं पोरांना ढ म्हणत आलो, त्याची फेड इथं होणार बहुतेक, कारण ढेकणापाशी गाडी अडलीय.

बघ, ऊ घे. संस्कृतातली यूका झिजत झिजत एका अक्षरावर आली. लीख म्हणजे लिक्षा. दोघींची घराणी सापडतात. ढेकणाला संस्कृतात मत्कुण म्हणतात, पण मत्कुणाचा ढेकूण कसा झाला हे मला पटेल असं कुणी सांगितलेलं नाही. प्राकृतात ढंकुण, ढेंकुण अशी रूपं भेटतात आणि जुन्या पंडितांनी तो शब्द 'देशी' म्हणून बाजूला काढून ठेवलाय. म्हणजे आईबाप माहीत नाहीत, इथलाच. तुमच्यापासून सीमा जवळ. पलीकडं कन्नडात तिगणे म्हणतात. त्याचं याच्याशी नातं आहे की नाही, देव जाणे.

तर तुझ्याकडं काम. तुझ्या सासूबाई जुन्या माणूस. त्यांच्या बोलण्यात ढेकणाला आणखी काय म्हणतात, कुणाला ढेकूण म्हणून शिवी देतात, विचारून कळव. आपला नियम विसरली नसशीलच. शब्द एकटा पाठवायचा नाही. कोण म्हणालं, कुणासमोर म्हणालं, म्हणायच्या आधी काय केलं आणि म्हटल्यावर काय केलं, सगळं लिहायचं. शब्दाबरोबर त्याच्या आजूबाजूचं घर आलं पाहिजे.

छोट्या अंतराला माझा गोड पापा. तीन वर्षांची झाली ना ती?

तुझा,
यज्ञेश्वर सर


हुपरी
१० मार्च २०२५

ती. सरांना,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून फार बरं वाटलं. इथं आल्यापासून मला कुणी काही विचारलेलंच नाही, सगळे सांगतातच.

तुमचं काम केलं, पण ओरडा खाल्ला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. परवा तिन्हीसांजेला त्या देवापुढं दिवा लावून उठल्या आणि मी म्हटलं, "आत्या, ढेकणाला तुमच्यात काय म्हणतात?" त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. म्हणाल्या, "दिवा लागल्यावर नाव घेऊ ने त्येचं. नाव घेतलं की वाडत्यात." मग दार लोटून हळूच सांगितलं, की या घरात त्याला 'तांबडं' म्हणतात. तांबडं झालंय, तांबडं चावलं, असं. दुसऱ्या घरात काय म्हणतात त्यांना माहीत नाही, कारण हा विषय कोणी दुसऱ्याच्या घरात काढत नाही. शिवी म्हणून मात्र मोकळेपणी म्हणतात. मागं एक नातेवाईक आठवडाभर राहिला, तेव्हा त्या स्वयंपाकघरात म्हणाल्या होत्या, "ढेकणागत बसलाय बाबा, हलंना."

आता खरं कारण सांगते, कार्डावर लिहू नका. आमच्याकडंच झालेत. पैंजणांचं काम घरातच चालतं हे तुम्हाला माहीत आहे. आमचा जुना कारागीर पिराजी मागच्या खोलीत झोपायचा. आत्या म्हणतात, त्याच्या वळकटीतनं आले. त्याला आता देवळाच्या ओवरीत झोपायला पाठवलंय आणि ती खोली बंद केलीय. दाराच्या फटीला चिकटपट्टी, खाली ओलं पोतं. आत काय केलंय विचारलं तर म्हणाल्या, "औषिद घातलंय. तू तिकडं जाऊ नको." गल्लीत कळलं तर घराची अब्रू जाईल, म्हणून मलाही दम आहे. अमरसिंह माल घेऊन सेलमला गेलेत, महिनाभर तरी येत नाहीत.

माझं डोकं दोन दिवस धरलंय, मळमळतंय. पाळी लांबलीय. आत्या खूश आहेत, मला कामाला हात लावू देत नाहीत. मी दुकानातून गरोदरपणाची पट्टी आणून तपासते म्हटलं, तर म्हणाल्या पाडवा होऊ दे, आधी बोभाटा नको.

आपली,
क्रांती


मंगळवार पेठ
१४ मार्च २०२५

चि. सौ. क्रांती,

शाब्बास! 'तांबडं' हे या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं कार्ड. किड्याचं नाव घेतलं की तो वाढतो, हे किती जुनं भय आहे बघ. सापाला लांबडं म्हणतात तसंच हे. मला वाटायला लागलंय की ढेकणाचा मूळ शब्द सापडत नाही तो यामुळंच. माणसांनी त्याचं नाव इतकं लपवलं की घराण्याचा कागद कुणी ठेवलाच नाही. हा माझा अंदाज हं, पुरावा नाही. दोन रात्री झोप लागली नाही आनंदानं.

गोड बातमीबद्दल तुला आशीर्वाद. डोकं दुखणं, मळमळणं चालायचंच, सुंठ घे. पण अक्षर का बिघडलंय एवढं? ओळी खाली उतरल्यात, दोन ठिकाणी काना राहिलाय. माझ्या विद्यार्थिनीनं असं लिहायचं? लाज राख जरा.

आता पुढचं. उपायांची नावंही हवीत. माझ्या लहानपणी मंगळवार पेठेत उन्हाळ्यात अख्खी गल्ली खाटा रस्त्यावर काढायची आणि बायका किटल्यांनी उकळतं पाणी ओतायच्या. कुणी कुणापासून लपवत नव्हतं, सगळ्यांकडंच असायचे. तुमच्याकडं काय करतात? ते 'औषिद' म्हणजे काय? नाव नसेल तर नुसतं दिसतं कसं ते लिही.

तुझा,
यज्ञेश्वर सर


हुपरी
२० मार्च २०२५

ती. सर,

अक्षराबद्दल माफ करा. हात थरथरतोय. हे पत्र दोन दिवस थोडं थोडं लिहितेय.

औषधाचं नाव आत्या सांगत नाहीत. पूर्वी त्या वेखंड आणि उकळतं पाणी वापरायच्या म्हणे. आता त्यांच्या भावानं वारणानगरहून गोळ्यांचा डबा आणून दिलाय, गव्हाच्या कणगीत किडा लागू नये म्हणून ठेवतात त्या. मला नुसता रिकामा डबा दिसला, उकिरड्यात राखेखाली घातलेला. दर चार दिवसांनी त्या नाकाला पदर लावून आत जातात, लगेच बाहेर येतात, पोतं पुन्हा ओलं करतात. मरत नाहीत म्हणून आणखी घालतात. हे मी त्यांच्यासमोर विचारलेलं नाही, खिडकीतून बघितलं.

नियमाप्रमाणे आजूबाजूचं घरही लिहिते.

परवा मोठा अनर्थ झाला. तयार पैंजणांचे जोड माझ्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवले होते. माझी खोली आणि ती बंद खोली यांच्यामध्ये एकच भिंत. सकाळी बघते तर सगळे जोड काळे. वापरून काळे पडतात तसे नाही, कुणीतरी काजळ फासल्यासारखे. आत्यांनी पिराजीला बोलावलं आणि गल्लीत ऐकू जाईल असं बोलल्या, "तांबं मिसळलंस व्हय रं? वीस वरीस आमचं मीठ खाऊन ह्ये केलंस?" तो म्हणाला, "आक्का, चांदी तुमीच वजन करून दिलीसा, मी कशाला खोट घालू?" आणि रडला, सर. मोठा माणूस रडताना मी कधी बघितला नव्हता. त्याला काढून टाकलं. पण सर, माझ्या पाण्याचा तांब्याही काळा पडलाय आणि तो काही पिराजीनं घडवला नव्हता. मोबाईल चार्ज होईना झालाय, दुकानदार म्हणतो आतल्या तारा सडल्या.

खोलीत लसणाचा वास येतो. आत्यांना विचारलं तर म्हणतात शेजारी चटणी कुटतात. रोज कशी कुटतील?

मी पाच-सहा वेळा ओकते. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं. अंतराही ओकतेय. दिवसभर किरकिर, काही खात नाही, मग एकदम गप्प पडून राहते. आत्या म्हणतात हीच खरी खूण, पाठीवर भाऊ आला की थोरलं पोर असंच पिरपिरतं. शेजारच्या दोन बायकाही तेच म्हणाल्या. मलाही माझ्या आईनं असंच सांगितलेलं आठवतं, म्हणून मी गप्प आहे. आत्यांनी काल पेढे वाटले.

सगळं घर आनंदात आहे आणि मला भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. संध्याकाळी अंतराला हाक मारली की ती डोळे उघडते, पण माझ्याकडं बघत नाही.

क्रांती


एसटीत, हुपरीच्या वाटेवर
२५ मार्च २०२५, सकाळ

क्रांती,

मी तुझ्या दाराकडं निघालोय. हा कागद पोचल्या पोचल्या तुझ्या हातात देणार. तोंडानं बोलायला गेलो तर मी ओरडतो, समोरचा काय म्हणतो ते मला ऐकू येत नाही, आणि त्यात वेळ जातो. म्हणून लिहितोय. गाडी हलतेय, अक्षर वाकडं येतंय. तुझ्या अक्षरावरून मी तुला बोललो होतो. मला क्षमा कर.

वाचलंस की लगेच अंतराला उचल आणि घराबाहेर पड. चप्पल शोधू नकोस, कपडे बदलू नकोस. सासूबाईंना हाताला धरून बाहेर काढ. मागची खोली तू उघडू नकोस. त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. ओल लागली की जास्त निघतो. माझा थोरला भाऊ धान्याच्या अडतीत होता. ज्या गोदामात या गोळ्या ठेवलेल्या, तिथल्या विजेच्या तांब्याच्या तारा काळ्या पडायच्या. हमाल म्हणायचे, लसणाचा वास आला की मागं न बघता पळायचं. चांदीत खोट नाही. पिराजी खरा आहे. तुझ्या पोटात काय आहे ते नंतर बघू, पण तुला आणि पोरीला होतंय ते डोहाळ्यांचं नाही, विषाचं आहे.

तुझं पत्र मला शनिवारी, बावीसला मिळालं. तीन दिवस झाले, क्रांती! मी ते वाचलं आणि मला 'पिरपिरणे' हा शब्द आवडला. 'पाठीवर भाऊ' यावर मी वेगळं कार्ड केलं. काल दिवसभर 'औषिद' लिहीत बसलो. आज पहाटे कार्डावर आजूबाजूचं लिहायला घेतलं, काळे जोड, काळा तांब्या, लसूण, ओलं पोतं, आणि पेन हातातून पडलं. आयुष्यभर शब्द वाचले आणि लिहिणारं माणूस वाचलं नाही.

मीनाक्षी तुला फोन लावतेय. बंद. अमरसिंहचा लागत नाही. ती लावत राहणार आहे. तुमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडं नाही, एवढी वर्षं कधी विचारलाच नाही.

गाडी पट्टणकोडोलीला थांबलीय. कंडक्टर चहाला उतरलाय. मी त्याच्यावर ओरडलो, तो काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. देवा, लवकर चल.

यज्ञेश्वर


हुपरी
९ एप्रिल २०२५

मास्तर,

क्रांतीच्या सासूचा, बायडाबाईचा रामराम. मला ल्ह्याय येत न्हाय. ही अक्षरं पिराजीची हाईत. तुमास्नी ऐकू येत न्हाय, मग बोलून काय करू, म्हनून त्येला म्हनलं ल्ही. त्येच्या दारात मी आपल्या पायानं गेलतो. दोन बारीला त्यो आत निघून गेला. तिसऱ्या बारीला बसलो तितंच, उंबऱ्यात. तवा आला. पुन्ना कामावर ये म्हनलं तर म्हनतो बघू. बघू म्हनला ह्येच लई झालं.

त्या दिशी तुमी माज्या हातात कागद दिलासा. मी उलटा धरला का सुलटा ते बी मला म्हाईत न्हाय. तुमी कागदाकडं बोट करत हुता, मी म्हनत हुतो, "क्रांती निजलीया, पावणं, मागनं या." तुमाला ऐकू यीना. मला वाचता यीना. दोघं बी तसंच उबं. मग तुमी वरडलासा. भर गल्लीत. "ढेकूण! ढेकणाची गोळी! विष हाय!" माज्या पायाखालची जिमीन सरकली मास्तर, खरं सांगतो, पर ती विषाला भिऊन न्हवं. गल्लीनं ऐकलं म्हनून. मी तुमच्या तोंडावर दार लावाय बगितलं. तुमी पाय घातलासा मदी. अजून लंगडताय म्हनं. वरडा ऐकून गल्लीतली मानसं धावली, त्येंनीच सुनेला आनि पोरीला उचलून दवाखान्यात न्हेलं.

त्या फटीतला तुमचा पाय मला रोज दिसतोय.

डब्यावर मढ्याचं मुंडकं काडलेलं हुतं, खाली दोन हाडं. मी बगितलं हुतं. मला वाटलं, त्ये ढेकणासाटनं काडलंय.

सून परवा घरला आली, तिच्या आईकडनं. पोरगी चार दिस नळीवर हुती, तुमास्नी म्हाईतच हाय. दवाखान्यात डागदरीन म्हनली, अजून एक रात गेली असती तर पोरगी हाताला लागली नसती. मग सुनेचं तपासलं. पोटात कोन न्हवतंच मास्तर. मी गल्लीभर पेढं वाटून बसलो. माजी नात मरत हुती आनि मी त्येचं पेढं वाटलं. त्येच्यावरनं सून मला एक सबूद बोलली न्हाय. बोलली असती तर बरं झालं असतं. काल पोरीनं मला "आज्जी" म्हनलं आनि मी न्हानीघरात जाऊन रडलो.

मागची खोली उघडी हाय. दारं काडून ठेवल्यात. जाणकार मानूस येऊन सगळं साफ करून गेला. गाद्या उनात टाकल्या, खाटा रस्त्यावर, उकळतं पानी, तुमच्या पेठंत करत हुता तसं. लोकं बगत्यात. बगूद्यात.

सून म्हनली, सरांचं कार्ड आर्धं ऱ्हायलंय. तिनं मला इचारून घेतलं आनि पिराजीला सांगितलं, त्यो हितं ल्हितोय. तुमच्या वहीत घाला.

सबूद: ढेकूण.

कोन म्हनलं: बायडाबाई, हुपरी.

कुनासमोर म्हनलं: अख्ख्या गल्लीसमोर, दिवा लागल्यावर, मोट्यांदा. "माज्या घरात ढेकणं झाली. मी गोळ्या घातल्या. माजी नात मरत हुती."

म्हनायच्या आदी काय केलं: दारात उबी ऱ्हायलो. दार सताड उघडं ठेवलं.

म्हनल्यावर काय केलं: तितंच उंबऱ्यात बसलो. मग शेजारची आत गेली आनि पदराखालनं तसलाच गोळ्यांचा डबा घिऊन आली. मग समोरची गेली. मी देवळाच्या पायरीवर एकेक ठेवून घेतला. सात निघालं.